थोरल्या चिरंजीवांस सप्रेम सल्ला
घरात तुम्ही थोरले असाल, वडिलांचे लाडके असाल आणि दरबारात तख्ताशेजारी तुमच्यासाठी सोन्याची खुर्ची मांडली जात असेल, तर हातातली लढाई घालवणं मुळीच अवघड नाही. मुघल बादशहा शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याने २९ मे १६५८ला आग्र्याजवळ सामूगढच्या मैदानात हे एका दिवसात जमवलं. तयारी मात्र आधीपासून लागते.

वडील आजारी पडले की पहिल्यांदा धाकट्या भावांकडे जाणाऱ्या बातम्या अडवा. म्हणजे शहाजहान गेलाच, अशी आवई आपोआप उठते आणि भाऊबंदकीला मुहूर्त मिळतो. मग चांगली फौज आपल्या मुलाबरोबर पूर्वेला भाऊ शुजावर धाडा. मुलगा तिकडे जिंकेल. तो परत येईपर्यंत थांब, असं वडील सांगतील. ऐकू नका, उगाच श्रेयात वाटेकरी कशाला?

चंबळ नदी जिथे पायी ओलांडता येते, त्या उतारांवर तोफा मांडून निवांत बसा. तुम्हाला ठाऊक नसलेला उतार चंपतराय बुंदेला औरंगजेबाला दाखवेल. तुम्हाला घाईने मागे फिरावं लागेल आणि जड तोफा नदीकाठीच राहतील. असू द्या.

लढाईच्या आदल्या दिवशी अख्खी फौज चिलखतं घालून रणरणत्या उन्हात उभी करायला विसरू नका. आग्र्याचा मे महिना आहे, लोखंडाला हात लावला तरी चटका बसतो. माणसं, घोडी तहानेनं कोसळतील. हल्ला करू नका, नुसते उभे राहा आणि संध्याकाळी छावणीत परता. समोर औरंगजेबाची दमलेली माणसं तेवढ्यात विश्रांती घेतील. शेजारधर्म!

दुसऱ्या दिवशी शत्रू टप्प्यात यायच्या आधीच तोफा डागा. धूर भरपूर होतो, बघायलाही बरं वाटतं. मग जोशात स्वतःच आपल्या तोफांच्या पुढे जा, म्हणजे त्यांना गप्प बसावं लागेल. तुमचे राजपूत तेवढ्यात वेड्यासारखे लढतील. रूपसिंह राठोड घोड्यावरून उतरून थेट औरंगजेबाच्या हत्तीपाशी पोचेल आणि हौद्याचे दोर तोडू लागेल. औरंगजेब मात्र जागचा हलणार नाही. त्याने हत्तीच्या पायांत साखळदंड घातलेत. त्याचं तुम्ही काही शिकू नका. पन्नास उपनिषदं फारसीत आणणाऱ्या दाराने साखळदंडाचा विचार करावा, हे शोभत नाही.

आता मुख्य गोष्ट. हौद्याभोवती बाण पडू लागले की खाली उतरा आणि घोड्यावर बसा. हा सल्ला दाराचाच सरदार खलीलुल्ला खान याने दिला, असं फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. या खानाला दाराने पूर्वी जोड्याने मारलं होतं म्हणे, त्यामुळे त्याचा सल्ला मनापासूनचा असणार. फौज मान वर करून बघेल, हौदा रिकामा! कोणी विचारायला येणार नाही. ज्याच्यासाठी लढायचं तो दिसत नाही, मग घरी गेलेलं बरं. (पानिपतावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, ते याच्या १०३ वर्षांनंतर. आपणही दुसऱ्यांच्या चुकांतून फारसं शिकत नाही.)

वडिलांची काळजी करू नका. आग्र्याच्या किल्ल्याला यमुनेचं पाणी येतं, तेवढं औरंगजेब बंद करेल. तीन दिवसांत दरवाजे उघडतील. आणि विजयात औरंगजेबाच्या बरोबरीने लढलेला धाकटा भाऊ मुराद? त्यालाही महिन्याभरात मथुरेजवळ जेवायला बोलावणं येईल. तिथून तो बेड्या घालूनच निघेल.