अभिहस्तांतरणाकडेही लक्ष हवे

घरखरेदीतील कायदेशीर संज्ञांवरील आपल्या लेखात साठेखत, कार्पेट एरिया आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची नेमकी ओळख करून दिली आहे, याबद्दल मनापासून आभार. मात्र मुंबईत जुन्या सोसायटीत घर घेणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची असलेली अभिहस्तांतरणाची, म्हणजे जमीन आणि इमारतीची मालकी कायदेशीररीत्या सोसायटीच्या नावे करण्याची, बाब राहून गेली. करारनाम्याची नोंदणी झाली, मुद्रांक शुल्क भरले, सूची क्रमांक 2 (करारनाम्याच्या नोंदणीचा अधिकृत उतारा) हाती आली, तरी इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झालेली असतेच असे नाही. आमच्या इमारतीचे मालमत्ता पत्रक (जमिनीची मालकी दाखवणारा सरकारी उतारा) काढले तेव्हा त्यावर मूळ जमीनमालकाचेच नाव होते आणि बहुतेक सभासदांना, अगदी सुरुवातीपासून राहणाऱ्यांनाही, याची कल्पना नव्हती. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की नेमकी हीच गोष्ट आडवी येते. विकासक टाळाटाळ करत असल्यास 1963 च्या मोफा (महाराष्ट्रातील सदनिकांच्या मालकीविषयीच्या) कायद्याच्या कलम 11 अन्वये सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकासकाच्या सहकार्याशिवाय होणाऱ्या अभिहस्तांतरणासाठी, अर्ज करता येतो. जुने घर पाहायला जाणाऱ्यांनी सोसायटीच्या कार्यालयात मालमत्ता पत्रकाची प्रत अवश्य मागावी आणि टोकन रक्कम देण्यापूर्वी ती वकिलाला दाखवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.