‘आता हाताने नकाशा कशाला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. मेटा, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन आणि टॉमटॉमने ‘ओव्हर्चर’ नावाचा खुला नकाशा काढलाय, एआय उपग्रहाच्या फोटोवरून सगळं आखतं, म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे सामान्य लोकांनी हाताने भरलेल्या खुल्या नकाशावर, फुकट राबणाऱ्यांचं काम संपलं. वर, कंपन्यांनी त्यांचा डेटा चोरला आणि उद्या तो विकणार. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझा भाचा दोन वर्षं देवरुखकडच्या आजोळच्या वाड्या नकाशावर घालतोय. मेसेज वाचून तो म्हणाला, “मामा, मग मी कशाला करू?” आणि त्याने लॅपटॉप मिटला.

‘काम संपलं’ हे धडधडीत खोटं आहे. ओव्हर्चरचे रस्ते येतात ते मुख्यतः ओपनस्ट्रीटमॅपमधूनच. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि हे माझं म्हणणं नाही. ओव्हर्चरने स्वतःच्या प्रश्नोत्तरांत लिहिलंय की तो एकेकट्या नकाशाकारांचा समुदाय नाही, तो ओपनस्ट्रीटमॅपला पूरक आहे, आणि सभासद कंपन्यांनी तिथे थेट भर घालावी. मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं तरी वाचायचं होतं!

उपग्रहाला छपरं दिसतात. त्या छपरांना गुरववाडी म्हणतात की सुतारवाडी, हे वरून दिसत नाही. ते भाच्याने पोस्टमनला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून मराठीत घातलंय. आंब्या-फणसाखालून चढणारी पाखाडी वरून दिसत नाही. वहाळावरचा साकव या पावसात वाहून गेला, हे गेल्या वर्षीच्या फोटोत कसं दिसेल? वाडीवर पहिल्यांदाच निघालेल्या आरोग्यसेविकेला असा फोटोवरून काढलेला नकाशा पाण्याच्या काठावर नेऊन उभा करेल.

इमारतींच्या बाबतीत मात्र मान्य करावं लागतं. मायक्रोसॉफ्ट आणि गूगलने यंत्राकडून आखून घेतलेल्या घरांची संख्या कोट्यवधींत आहे, हाताने ते झालं नसतं. पण गोठा कुठला आणि घर कुठलं, ते सांगायला माणूसच लागतो.

चोरीचं म्हणाल, तर 2012 पासून ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा ओडीबीएल नावाच्या खुल्या परवान्याखाली आहे. धंद्यासाठी वापरायला त्यात मुभा आहे. श्रेय द्यायचं, आणि त्यावर रचलेला डेटाबेस लोकांपुढे आणला तर तो त्याच परवान्याने खुला ठेवायचा. ओव्हर्चरचे रस्ते तसेच दिलेले आहेत.

राहिलं ‘उद्या विकणार’. एकदा खुल्या परवान्याने दिलेला डेटा परत घेता येत नाही. नव्या आवृत्त्या काढणं ते थांबवू शकतात, एवढी भीती खरी आहे. तसं झालं तरी भाच्याने घातलेल्या वाड्या ओपनस्ट्रीटमॅपवर राहतीलच.

ती प्रश्नोत्तरं काल त्याला वाचून दाखवली. गणपतीला गावी गेलो की आधी साकवाची जागा बघून यायचं ठरलंय.