एल्सा सामी बोलते, मग मराठी का नाही?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला तेव्हापासून २९ जूनला तो मागे घेईपर्यंत आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर रोज नुसता धुरळा उडत होता. मी इथे ट्रॉम्सोला, नॉर्वेच्या पार उत्तरेला, सकाळी उठून शंभरेक मेसेज वाचायचे आणि काय लिहावं ते सुचायचं नाही, कारण मला तेव्हा सारखी आठवत होती ती एक भलतीच गोष्ट, एल्सा आणि ॲना या दोन बहिणींचा डिस्नेचा कार्टून सिनेमा, फ्रोझन २.

आधी तो सिनेमा सांगते. पहिला फ्रोझन आला २०१३ ला. त्याची सुरुवातच एका योइकसारख्या गाण्याने होते, योइक म्हणजे सामी लोकांची गायची जुनी पद्धत, आणि ते गाणं फ्रोदे फ्येलहेम या दक्षिण सामी संगीतकाराचं आहे. सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर टोकाला राहणारे मूळचे लोक, त्यातले बरेच रेनडिअर पाळणारे. सिनेमातला रेनडिअरवाला क्रिस्टॉफ तर सरळ सामी वळणाचे कपडे घालून फिरतो, पण सामी लोकांना कोणी विचारलं होतं का, यावरून तेव्हा बरीच टीका झाली. मग दुसऱ्या भागाची तयारी सुरू झाली, २०१६ मध्ये टीम नॉर्वे, फिनलंड, आइसलंड फिरून गेली आणि गोष्टीत जंगलात राहणारी नॉर्थुल्ड्रा नावाची जमात येणार हे कळल्यावर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधल्या सामी संसदा, म्हणजे सामी लोकांनी निवडून दिलेल्या संस्था, आणि सामी कौन्सिल ही त्यांची संघटना यांनी स्वतःहून डिस्नेशी संपर्क केला. भांडायला नाही हं, बसून बोलायला. त्यातून सामी जाणकारांचा एक सल्लागार गट झाला, वेर्देत नावाचा, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये चक्क लेखी करार झाला. त्यात एक अट होती की सिनेमा उत्तर सामी भाषेतही डब होणार. आणि झाला, यिक्ङोन २ नावाने, डिसेंबर २०१९ मध्ये इथल्या थिएटरात लागला.

आता आकडे बघा. उत्तर सामी बोलणारे जेमतेम २०-२५ हजार लोक. सांगलीतल्या चार मोठ्या वॉर्डांत मावतील एवढे. आणि भारतात तोच सिनेमा नोव्हेंबर २०१९ मध्ये लागला तो इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूमध्ये. हिंदीत प्रियांका आणि परिणीती चोप्रा, तमिळमध्ये श्रुती हासन. मराठीत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर चुलतभाऊ म्हणाला, ताई, आपल्या पोरांना हिंदी कळतंच की, वेगळा खर्च कोण करणार. बरेचजण हेच म्हणतात आणि प्रामाणिकपणे म्हणतात. पण मला इथे राहून जे दिसतं ते असं की नॉर्वेतल्या प्रत्येक सामी पोराला नॉर्वेजियन कळतं, अगदी फाडफाड बोलतात, आणि नॉर्वेजियनमध्ये तो सिनेमा फ्रॉस्ट २ म्हणून होताच. तरी सामी संसदेने आमच्या पोरांना कळतंच असं म्हटलं नाही. कळणं आणि आपलं वाटणं यात फरक आहे आणि तो फरक पोराला पाचव्या-सहाव्या वर्षीच समजतो. आपली भाषा फक्त आजीशी बोलायची आणि मजा करायची भाषा दुसरी, हे एकदा डोक्यात बसलं की मग कुठलाही जीआर काढा नाहीतर मागे घ्या.

मला हे नीट कळलं ते मुलीच्या मैत्रिणीच्या घरी. तिची आई सामी आहे. त्या दिवशी तिची आजी, सामीत आह्कू म्हणतात, आतून विणकाम घेऊन आली आणि पोरींच्या मागे सोफ्यावर बसली. टीव्हीवर सामी डबिंग चालू होतं. पाचेक मिनिटांनी विणकामाच्या सुया थांबल्या. ती काही बोलली नाही, फक्त ओठ हलत होते, एल्सा जे बोलेल ते हळू आवाजात परत म्हणत होती. नंतर कॉफी पिताना मुलीच्या मैत्रिणीच्या आईने सांगितलं की आह्कू लहानपणी वसतिशाळेत होती, तिथे सामी बोललं की शिक्षा व्हायची, त्यामुळे तिने स्वतःच्या पोरांशी कधी सामी बोललंच नाही, आणि आता नात सिनेमातनं शिकलेले शब्द तिला विचारते. नॉर्वेजियनीकरणाचं ते धोरण शंभरेक वर्षं चाललं, राजा हराल्ड यांनी १९९७ मध्ये सामी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. माफी ठीकच आहे, पण त्या घरात भाषा परत आली ती एका कार्टूनमधनं, हे मी डोळ्याने बघितलंय.

सिनेमाची गोष्टही तशीच आहे म्हणा. एल्सा-ॲनाचा आजोबा नॉर्थुल्ड्रांना भेट म्हणून धरण बांधून देतो आणि शेवटी कळतं की ते त्यांना दुबळं करायलाच होतं. ॲना ते धरण फोडायला लावते. इथे कोणाला आल्टा आठवल्याशिवाय राहत नाही, तिथल्या नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ मध्ये सामी लोक ऑस्लोत नॉर्वेच्या संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले होते. खरं धरण मात्र झालंच, ते आजही उभं आहे. पण त्या लढ्यातनंच पुढे १९८९ ला सामी संसद आली, आणि ती होती म्हणून तीस वर्षांनी डिस्नेच्या टेबलावर बसायला कोणीतरी होतं.

आपल्याकडे त्या टेबलावर कोण बसणार? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झालाच, मी इथे पुरणपोळी केली होती. पण मोठे बालसिनेमे मराठीत लागलेच पाहिजेत अशी मागणी घेऊन कोणी वितरकाकडे गेलेलं मी तरी ऐकलं नाही. उलट डबिंग आलं की मराठी सिनेमा मरेल ही भीती. ती मी समजू शकते, आधीच थिएटर मिळत नाहीत. पण दाक्षिणात्य सिनेमे मराठीत डब होऊन टीव्हीवर लागतातच, आणि पोरांसाठी मराठीत ॲनिमेशन बनतं किती? ज्या पोराने सहा वर्षं सगळी धमाल हिंदी-इंग्रजीत बघितली ते सोळाव्या वर्षी मराठी सिनेमाचं तिकीट काढेल ही अपेक्षाच चूक आहे. आणि गाणी लिहायला माणसं नाहीत असं तर कोणी म्हणूच नये, विंदा आणि पाडगावकरांच्या बालकवितांवर वाढलेली भाषा आहे आपली.

आणखी एक, हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. वारली चित्रं आपण कुर्त्यांवर, कपांवर, सोसायटीच्या भिंतीवर सगळीकडे काढतो. वारली पाड्यावर जाऊन आपण कोणाला विचारलं? त्यांच्या पोरांसाठी वारली भाषेत, किंवा भिल्ली, कोरकू, गोंडीत किती कार्टून आहेत? आपण हिंदीकडे जे मागतो ते द्यायची वेळ आली की आपणही त्यांना मराठी कळतंच की असंच म्हणतो.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मुलीने माझ्या आईला सिनेमातली ती नदीची अंगाई नॉर्वेजियनमध्ये म्हणून दाखवली. आईने विचारलं, यातलं मराठी कुठलं गं? मुलगी म्हणाली, मराठी नाहीये आजी. मग नदीचं नाव काय म्हणालीस? अह्तोहालन. आईला ते काही म्हणता येईना, दोनतीनदा प्रयत्न केला आणि मग म्हणाली, थांब, मी कृष्णा म्हणते, आणि त्याच चालीवर जमेल तशी एक ओळ म्हटली. मुलीने फोन कानाला लावून ती ओळ चार वेळा म्हणायला लावली, पाठ केली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बर्फातनं तीच गुणगुणत होती. पुढची ओळ तिला आजीकडनं अजून यायचीय.