अहो, तो आकडा नाहीये!

कितीदा सांगायचं? अर्थ इंजिन, म्हणजे उपग्रह प्रतिमांवर काम करायची गूगलची सेवा; तिच्यातला ईई.नंबर म्हणजे आकडा नव्हे, सर्व्हरवर करायच्या हिशोबाची चिठ्ठी! तिच्यापुढे जावास्क्रिप्टचं अधिक चिन्ह टाकून १ लिहिला की बेरीज होत नाही, मजकूर चिकटतो. अ‍ॅड ही त्याची बेरजेची आज्ञा वापरा ना! कलेक्शनचा, म्हणजे प्रतिमांच्या संचाचा साइझ १० पेक्षा मोठा आहे का, हे साध्या इफने विचारलं तर उत्तर कायम ‘नाही’. आत १०० प्रतिमा असल्या तरी ‘नाही’! वर एररसुद्धा येत नाही, हे सगळ्यात संतापजनक. मग काय, ढगाळ प्रतिमा शोधायला फॉर लूपमध्ये गेटइन्फो, म्हणजे सर्व्हरकडून खरं उत्तर मागवणारी आज्ञा कोंबायची! प्रत्येक फेरीला सर्व्हरकडे हेलपाटा आणि तोवर ब्राउझर गोठलेला. मॅपच्या, म्हणजे संचातल्या प्रत्येक प्रतिमेवर सर्व्हरवरच काम करवणाऱ्या आज्ञेच्या आत तर गेटइन्फो चालतच नाही, तिथे हातात खरी प्रतिमा नसतेच मुळी. ढगाळ प्रतिमा गाळायला फिल्टर आहे की! तो का नाही लावत?