सहीपुरतं

धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना एका तज्ज्ञांनी आईला सांगितलं, "सही गिरवून घ्या. 'धोका', 'पुरुष' अशा पाट्या ओळखता आल्या की पुरे. त्यापुढे त्याला आणि स्वतःला कशाला त्रास?"

त्याला बौद्धिक अक्षमता आहे. (जुना शब्द सगळ्यांना माहीत आहे, माझ्याच्याने तो लिहवत नाही.)

सहीपुरतं शिकवणं हे मला आता सगळ्यात वाईट वाटतं. सही येते पण वाचता येत नाही, असा माणूस इतरांना फार सोयीचा असतो. कागद पुढे सरकवा, झालं.

१९३१ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला आणि 'मानसिक वय' (बुद्धीच्या चाचणीवरून ठरवलेलं वय) साडेसहा झाल्याशिवाय वाचन शिकवू नये, हे मत बोकाळलं. ज्याचं ते वय कागदोपत्री कधीच साडेसहा होणार नाही, त्याने काय जन्मभर थांबायचं? १९६७ साली इंग्लंडात डाऊन सिंड्रोम (जन्मतःच असणारी अवस्था, तिच्यातही बौद्धिक अक्षमता असते) असलेल्या नायजेल हंटचं आत्मचरित्र छापून आलं. स्वतः टाइप केलेलं. त्याला वाचायला शिकवलं होतं आईने.

आमच्याकडे 'क'ला काना 'का' यातच सात महिने गेले. ऱ्हस्व-दीर्घ अजून जमत नाही, जोडाक्षर आलं की तो माझ्याकडे बघतो. सगळ्यांनाच एवढं येईल असंही नाही. कुणाचं गाडं चित्रं आणि दहा-बारा शब्दांवर थांबेल. थांबू दे, पण शिकवायला घेतल्यावर.

लोक विचारतात, उपयोग काय? औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचतो, हे उत्तर त्यांना पटतं. मला दुसरंच आठवतं. बत्तिसाव्या वर्षी त्याने खोलीच्या दारावर कागद चिकटवला: 'नको यऊ'. बोलताना त्याला शब्द पटकन सापडत नाहीत, मग त्याचं वाक्य आम्हीच पुरं करतो, बहुतेकदा आमच्या सोयीने. त्याच्या 'नको'ला तोवर घरात हट्ट म्हणत. कागदावरचं 'नको' कुणाला पुरं करता येईना. आई पहिल्यांदा दार वाजवून आत गेली.

परवा त्याच्या शेजारी बसून मी एका नातेवाइकांना मेसेज लिहीत होते, 'त्याला विचारायची गरज नाही, मी ठरवते.' त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, एकेक अक्षर लावत गेला. 'विचारायची'ला बराच वेळ लागला. मी फोन उलटा करू शकले असते.

मग म्हणाला, "ताई, विचार की."