ताटं बाराच होती

निल्याने चेटकिणीची बाजू मांडणाऱ्या ‘विकेड’ सिनेमाचा दुसरा भाग बघितल्यापासून कट्ट्यावर कुणाला सरळ वाईट म्हणायची सोय उरलेली नाही. काल दिग्याने शेजारच्या टेम्पोवाल्याला शिवी हासडली, तर हा म्हणे, “त्याचं नॅरेटिव्ह समजून घे ना.”

“त्याचं नॅरेटिव्ह माझ्या स्कूटरवर उमटलंय. मागचा इंडिकेटर गेला.”

पण निल्या सुटला होता. खलनायक जन्मत नसतो, समाज त्याला घडवतो, वगैरे. हातात वडापाव असल्यामुळे समाजाच्या प्रत्येक उल्लेखाला चटणी शर्टावर.

“चेटकीण ती चेटकीणच,” अण्णांनी तोंड घातलं. “उद्या म्हणाल, पूतना अंगणवाडीत नोकरीला होती.”

शुभा इतका वेळ भिशीचे पैसे मोजत होती. नोटांना रबर लावत म्हणाली, “अण्णा, कर्णासाठी किती वेळा रडलात?”

“तो विषय वेगळा.”

“‘मृत्युंजय’ १९६७ चं. त्यात दुर्योधनसुद्धा स्वतःच्या तोंडाने बोलतो. तेव्हा नाही बुडाली संस्कृती?”

अण्णांचं बिस्कीट चहात तुटून पडलं. ते चमच्याने काढण्यात त्यांनी बराच वेळ काढला.

“बघा! शुभा माझ्या बाजूने आहे,” निल्या फुलला.

“तुझ्या बाजूने तर नाहीच नाही. ती तुझी लाडकी क्रुएला. कुत्र्याच्या पिल्लांच्या कातड्याचा कोट शिवायला निघालेली बाई. २०२१ मध्ये सिनेमा काढून तिची बाजू मांडली आणि निघालं काय? लहानपणी आईला डाल्मेशियन कुत्र्यांनी कड्यावरून ढकललं! ही बाजू झाली का रे? हा जामिनाचा अर्ज झाला.”

“आणि डाल्मेशियनांची बाजू?” दिग्या.

“त्यांना शिट्टी मारून अंगावर सोडलं होतं. हुकमाचे ताबेदार.”

“पण झोपलेल्या राजकन्येला शाप देणारी मॅलेफिसंट?” निल्या हट्टाला पेटला.

“ते जरा बरं. तिचे पंख कापतात ते बघवत नाही. पण तिला चांगली ठरवायची म्हणून राजा हरामखोर केला, तिन्ही पऱ्या बावळट केल्या. वाईटाची खुर्ची रिकामी ठेवायची हिंमत कुणातच नाही. फक्त बसणारा बदलतो.”

यावर निल्या ‘सबव्हर्जन’ असं काहीतरी म्हणाला. कुणी विचारलं नाही.

अण्णा बिस्किटातून मोकळे झाले होते. “म्हणूनच सांगतो, मूळ गोष्टीला हात लावू नये.”

“मूळ कुठली? हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत, १८१२ मध्ये, सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिची सावत्र केली. सख्खी आई असं वागते हे घरोघरी कसं वाचायचं? मग टाका आणखी एक गुन्हा सावत्र आयांच्या खात्यावर. आणि शेवट ठाऊक आहे? तापलेले लोखंडी जोडे घालून तिला मरेपर्यंत नाचवली. हिमगौरीच्याच लग्नात. ते बघत बसलेल्या वऱ्हाडाबद्दल एकाने तरी सिनेमा काढलाय?”

कुणी काढलेला नव्हता.

“तेच आपल्या चिऊताईचं,” शुभा आता थांबणार नव्हती. “बाहेर धो धो पाऊस, काऊचं घर वाहून गेलेलं. आणि ही आतून सांगते, थांब, बाळाला अंघोळ घालते. थांब, अंग पुसते. थांब, तीट लावते. आधी कडी काढून मग अंघोळ घातली असती तर बाळ विरघळलं असतं? काऊला दुःखी बालपण द्यायची गरजच नाही. तीच गोष्ट दाराच्या बाहेर उभं राहून सांगा, झालं.”

“पण शेणाचं घर बांधायला सांगितलं कुणी होतं?” अण्णा.

“मेणाचा भाव माहितीये का, अण्णा?”

दिग्या बराच वेळ गप्प होता. तो गप्प असला की मला धास्ती वाटते. “ती झोपलेली राजकन्या,” तो हळूच म्हणाला, “तिला शाप देणारी बाई चिडली कशावरून?”

“बारशाला बोलावलं नाही म्हणून. राज्यात शहाण्या बायका तेरा आणि राजाकडे सोन्याची ताटं बारा. मग एकीला गाळली.”

दिग्या निल्याकडे वळला. “तुझ्याकडे तर पत्रावळी होत्या.”

मे महिन्यात निल्याच्या पोरीचं बारसं झालं. आख्खा कट्टा जेवून आला, दिग्या सोडून.

“अरे, ग्रुपवर टाकलं होतं मी!”

“त्या ग्रुपमधून मला काढलं कुणी? वर्गणीवरून?”

मग वर्गणी निघाली, वर्गणीवरून मंडप निघाला, मंडपवाल्याला ॲडव्हान्स कुणी दिला होता तेही निघालं. क्रुएला, काऊ, सगळे बाजूला पडले. शेवटी दिग्या कट्ट्यावर चढून उभा राहिला आणि उजवा हात वर केला. “ऐक! तुझी पोरगी शंभर वर्षं झोपेल!”

“मूळ शाप मरणाचा होता,” शुभाने माहिती पुरवली. “शंभर वर्षांची झोप ही नंतर मिळालेली सूट.”

“मी डायरेक्ट सूट देऊन टाकतोय.”

निल्याने कोपरापासून हात जोडले. “दे रे बाबा, दे! पण आजपासून लागू कर. रात्री अडीचला उठते आणि पाचपर्यंत खिदळत बसते.”

दिग्याने तिथल्या तिथे शाप मागे घेतला.