चिरंजीव जर्मनीत शिकतात, त्यांच्या पालकांसाठी काही सूचना

चिरंजीव मास्टर्सला आखेनला गेले. ब्लॉक्ड अकाउंट भरून झालं, विमानतळावर रडून झालं, पेढेही वाटून झाले. आता खरं काम सुरू होतं, ते म्हणजे त्याला तिथे एकटं पडू न देणं. एवढा पैसा ओतून पोरगा स्वावलंबी वगैरे झाला, तर आपण दिवसभर करायचं काय?

आधी वेळेचं बघू. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळं तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. हा त्यांचा घरगुती मामला आहे, आपण त्यात पडू नये. आपली वेळ ठरलेली असावी : सकाळी साडेसहा, दूध गॅसवर चढलं की लगेच. डिसेंबरात तिथे रात्रीचे दोन वाजलेले असतात, त्यामुळे साहेब खोलीवर आहेत की नाहीत, आवाज जड का येतोय, मागे कोण खिदळतंय, हे सगळं एकाच फोनमध्ये उरकतं. उचललाच तर "इतक्या रात्री जागा कसा रे?" असं विचारावं. नाही उचलला तर रूममेटला लावावा. रूममेटचा नंबर तुमच्याकडे नसेल, तर तुम्हाला पोराची काळजीच नाही असं आम्ही समजू.

पूर्वीच्या लोकांचे हाल काय सांगावेत. एरोग्राम टाकायचा आणि उत्तराची वाट बघायची. आयएसडी बूथवर लाल आकडे पळायला लागले की "बरा आहेस ना? आम्ही बरे आहोत" एवढ्यात संभाषण आटपायचं. २००२ च्या एप्रिलपर्यंत परदेशी फोन म्हणजे विदेश संचार निगमची मक्तेदारी, आणि दर तोंडचं पाणी पळवणारे. त्यामुळे कित्येक मुलं विनाकारण मोठी झाली. आता फोन फुकट आहे. "जेवलास का?" हा प्रश्न दिवसातून कितीही वेळा विचारता येतो, आणि दुसरं काही विचारायची गरजच पडत नाही. तो काय शिकतो, थीसिसचा विषय काय, हे शेजाऱ्यांनी विचारलं तर "काहीतरी ऑटोमेशनचं आहे" एवढं पुरतं.

जेवणाचा पुरावा मात्र फोटोतच मागावा. इथे जरा बारकाईनं बघायला हवं. वरण-भाताची ताटली येते, वर लिंबाची फोड असते, बाजूला चमचा. छान वाटतं. गुरुवारी परत वरण-भात येतो. फोड त्याच जागी, चमचा तसाच तिरका, आणि ताटलीच्या कडेवरचा वरणाचा ओघळही तोच. म्हणजे पोरगं रोज बाहेरचा डोनर कबाब खातंय आणि एका रविवारच्या वरणावर महिना काढतंय. तरी बोलून दाखवू नका. "छान हो, तूप घेतलंस ना?" एवढंच लिहा. तो "हो" म्हणेल. आपलं समाधान होतं, त्याला खोटं बोलायचा सराव होतो. पुढे नोकरीत उपयोगी पडेल.

तुपावरून आठवलं. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. असू दे. मसाला तर पाठवता येतो? गोडा मसाला कुरिअर करा. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की चिरंजिवांना कचेरीत बोलावणं येईल, आणि ही काळपट तपकिरी पूड नेमकी कशाची, त्यात दगडफूल नावाचं जे आहे ते काय, हे त्यांना तिथल्या साहेबाला जर्मनमधून समजावून सांगावं लागेल. बी-वनचा क्लास कशासाठी लावला होता?

पैशांच्या बाबतीत जर्मन सरकार अंतःकरणानं पुणेरी बाप आहे. पोराच्या नावावर वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून घ्यायचे आणि मग त्यालाच महिन्याला ९९२ च्या हिशेबानं काढू द्यायचे, ही ब्लॉक्ड अकाउंटची कल्पना आपल्याला कशी सुचली नाही याचीच हळहळ वाटते. मुलगी असेल तर वरचं सगळं दुपटीनं करावं. का, ते सांगू नये. ती इथे होती तेव्हा तरी कुठे सांगितलं होतं?

परीक्षा संपली की पोरं हिंडायला निघतात, आणि खरा कस तेव्हा लागतो. लोकेशन चालू ठेवायला लावलंच पाहिजे. २०१७ पासून युनियनमधल्या देशांत रोमिंगचे जादा पैसे पडत नाहीत, त्यामुळे प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टपर्यंत ठिपका शहाण्यासारखा सरकत राहतो. अडचण स्वित्झर्लंडची. तो युनियनमध्ये नाही. बाझल जवळ आलं की बिलाच्या धास्तीनं चिरंजीव डेटा बंद करतात, आणि ठिपका थांबतो तो नेमका ऱ्हाईनवरच्या रेल्वे पुलावर. आता नकाशा दोन बोटांनी मोठा करा. सभोवती निळं दिसेल. आणखी मोठा करा, आणखी निळं दिसेल. मग मामाला फोन लावा, मामा न्यू जर्सीतल्या मावशीला लावेल, मावशीच्या ओळखीचं कुणीतरी झुरिकला असतंच. दूतावासाचा नंबर शोधून होईपर्यंत हॉस्टेलच्या वायफायवरून इंटरलाकेनचा फोटो येतो. त्यावर "जॅकेट कुठाय?" एवढंच विचारावं.

निळ्या टिकांबद्दल एक शब्द. व्हॉट्सॲपनं त्या २०१४ मध्ये आणल्या, आणि बंद करायची सोयही लगोलग दिली. चिरंजिवांनी ती सोय वापरली असेल तर लास्ट सीन बघावं. तेही बंद असेल तर इन्स्टाग्रामवर भाच्याच्या नावानं खातं काढावं.

एवढी जय्यत तयारी असूनही कधीतरी फजिती होते. ठरलेली वेळ नसताना, भर दुपारी, तो आपणहून फोन करतो. म्हणतो, "काही नाही गं आई, सहज केला." अजिबात गाफील राहू नका. पैसे संपले का, पेपर राहिला का, कुणी मुलगी आहे का, हे या क्रमानं विचारून घ्या. तिन्हींवर "नाही" म्हणाला आणि तरी फोन ठेवेना, तर सरळ बाबांच्या हातात द्या. बाबा म्हणतील, "हां, बोल. थंडी आहे का? बरं. सगळं ठीक ना? बरं बरं. थांब, आईकडे देतो."